चूलभाऊ

डॉक्टर हेरवाडेबाईंनी माझं हृदय भिंतीवर दाखवलं. बाजेएवढं मोठं करून. त्यातली एक झडप नीट उघडत नव्हती. जुन्या नळाला आतून क्षार धरतो, तशी ती दिसत होती.

"ही बदलावी लागेल, आबा," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या धमनीची ठेवण अशी आहे, की पायातून तार घालून नवी बसवता येत नाही. छाती उघडावी लागेल."

"उघडा की मग."

"उघडते. पण आधी पोटाचं बघू."

माझी मुलगी उज्ज्वला शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि आम्हा दोघांनाही हसू फुटलं. त्र्याहत्तर वर्षांत माझ्याबद्दल कुणीही काहीही ठरवलं, की आधी पोटाचं बघावं लागलं आहे. एसटीत बसायचं का, बाजारला जायचं का, मुलीला बघायला पाहुणे आले तर समोर किती वेळ टिकायचं, सगळं पोटाला विचारून.

बाई हसल्या नाहीत. त्यांच्यासमोर माझं जुनं दप्तर उघडं होतं. पाच वर्षांपूर्वी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, पण नंतर पाच दिवस पोट दगडासारखं बंद पडलं, आणि सहाव्या दिवशी जे सुटलं ते दीड महिना थांबलं नाही. कळ आली की मी पोट आवळून धरायचो. त्यात टाके दोनदा उसवले. अकरा किलोनं उतरलो.

"तेव्हा टाके पोटाला होते," बाई म्हणाल्या. "आता छातीचं हाड कापून तारेनं बांधलेलं असेल. तसंच पुन्हा झालं तर तुम्ही टिकणार नाही. पोट सलग दहा दिवस शांत राहिल्याशिवाय मी छातीला हात लावणार नाही."

माझ्या दुखण्याला आयबीएस म्हणतात हे मला पन्नाशीत कळलं. त्याआधी कुणी वाताचं म्हणालं, कुणी बाहेरचं, आणि सगळे रिपोर्ट चांगले आले की डॉक्टर म्हणायचे, मनाचं आहे. बाईंनी पहिल्यांदा नीट उलगडून सांगितलं. मी आयुष्यभर बांधकाम खात्याच्या रस्त्यावर राबलो हे त्यांना माहीत होतं.

"समजा एका रस्त्याला खड्डा नाही, भेग नाही, तरी चालणाऱ्याला दर पावलाला ठेच लागते. तुमचं आतडं तसं आहे. जखम नाही, गाठ नाही. आतड्याला स्वतःच्या नसांचं जाळं असतं आणि ते दिवसभर मेंदूशी बोलत असतं. बाकीच्यांना ते बोलणं ऐकू येत नाही. तुम्हाला येतं, आणि ओरडल्यासारखं येतं."

"आणि ऑपरेशननं काय होतं?"

"सगळी संकटं एकदम. आधी उपाशी पोट, मग भूल, मग वेदना थांबवायची औषधं. त्यांनी आतडं झोपी जातं. वर अँटिबायोटिक. त्यानं आतड्यातले चांगले जीवाणूही मरतात. हे जीवाणू अब्जांनी असतात, आबा. ते अन्न फोडतात आणि त्या नसांना गप्पही ठेवतात. ते गेले की तुमचं आतडं उघड्यावर पडतं."

त्यावर आता उपाय निघाला होता. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवसापासून कॅप्सूलमधून जीवाणूंचं बी पुन्हा पेरायचं. माझं स्वतःचं पेरून उपयोग नव्हता, मुळात तेच बिघडलेलं. कारखान्यात केलेलं बी माझ्यासारख्या जुनाट आतड्यात रुजत नव्हतं. मात्र गेल्या काही वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली होती. दोन माणसं बरीच वर्षं एका चुलीवरचं जेवली, एका घागरीतलं पाणी प्यायली, की त्यांच्या आतड्यांत जीवाणूंची एकच जात घर करते. पुढे माणसं पांगली तरी ती जात दोघांच्याही पोटात तीस-तीस वर्षं तग धरते. अशा माणसाचं बी आतडं परकं मानत नाही. हॉस्पिटलच्या कागदावर त्याला 'सहचूल दाता' असं लिहिलेलं होतं. वॉर्डातल्या मावशी सरळ चूलभाऊ म्हणायच्या.

मला एक गोळी गिळायला दिली. आकारानं आणि रंगानंही चिंचोक्यासारखी. ती तीन दिवस पोटातून फिरत गेली आणि जागोजागचे जीवाणू मोजत गेली. कमरेला एक पट्टा बांधला, तो आतड्याची हालचाल ऐकायचा आणि उज्ज्वलाच्या मोबाइलवर आकडा दाखवायचा. शांत दिवस, शून्य.

"माझंच बी घ्या," उज्ज्वला म्हणाली. "मी त्यांची मुलगी आहे."

तिची तपासणी झाली. जुळणी एकतीस टक्के.

ती नाराज झाली, पण मला नवल वाटलं नाही. ती गावात आईच्या हातचं खाऊन वाढली. मी महिन्यातून चार दिवस घरी असायचो. बाकीचे सव्वीस दिवस माझी चूल रस्त्याच्या कडेला, तीन दगडांची.

बाईंनी मग सरकारी नोंदीत शोध घेतला. साठीपुढच्या माणसांची आतड्याच्या कॅन्सरची तपासणी दर वर्षी होते, आणि ज्यांनी दाता व्हायला होकार दिलेला असतो त्यांचे नमुने नोंदीत असतात. दोन दिवसांनी बाईंनी आम्हाला बोलावलं.

"आबा, तुमचं नशीब चांगलं. चौऱ्याऐंशी टक्के जुळणी. सख्ख्या भावातही एवढी दिसत नाही. सर्जेराव बाळकू खोत, वय ऐंशी, मुक्काम तळवडे. ओळखता?"

उज्ज्वलानं मान खाली घातली. मी पट्ट्याचं बक्कल चाचपत बसलो.

"ओळखतो," मी म्हणालो. "दुसरं कुणी बघा."

*

सर्जेराव आमच्या गँगचा रोलर ड्रायव्हर होता. गँगमध्ये सगळे त्याला 'डायवर' म्हणायचे, तोंडावर सुद्धा. मी त्याच्या हाताखाली. मलकापूर ते आंबा या रस्त्यावर आम्ही एकोणीस वर्षं काढली. रोलर ताशी चार किलोमीटरनं चालायचा, म्हणून रोज घरी जायचा प्रश्न नव्हता. जिथे काम संपेल तिथे राहुटी. डायवर स्वतः स्वयंपाक करायचा, कारण बाकीच्यांच्या हातचं त्याला पटत नसे.

मी गँगवर आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि माझं दुखणं माझ्याआधी तिथं पोचलं होतं. खडी पसरता पसरता कळ यायची. उघडा माळ, एका बाजूला बायका घमेली घेऊन, दुसऱ्या बाजूला मुकादम. एकदा गेलो की पोरं हसायची, दुसऱ्यांदा गेलो की मुकादम शिव्या द्यायचा. एक दिवस डायवरनं माझ्याकडे बघितलं आणि रोलर थांबवला. "केरबा, चाकाला पाणी संपलं. ओढ्यावर जा." चाकाला डांबर चिकटू नये म्हणून पाणी सोडावं लागायचं, पण टाकी तर तासापूर्वीच भरली होती. मी बादली घेऊन ओढ्याकडे धावलो. परत आलो तर तो तंबाखू मळत बसला होता. काही बोलला नाही. त्यानंतर एकोणीस वर्षं त्या रोलरला जेवढी तहान लागली तेवढी महाराष्ट्रातल्या कुठल्याच रोलरला लागली नसेल.

अक्षरंही मला त्यानंच शिकवली. मी तिशीचा होतो. किलोमीटरच्या दगडावर बोट ठेवून म्हणायचा, हा 'आं', हा 'बा'. मी आधी गावांची नावं वाचायला शिकलो, माझं स्वतःचं नाव मागाहून.

आणि त्यानं माझ्याशी जे केलं ते मी कसं विसरणार?

बावीस वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचं, मंदाचं लग्न होतं. मला त्यानं मानानं नवऱ्या मुलाच्या चुलत्याशेजारी पंगतीत बसवलं. पोट ऐन वेळी दगा देऊ नये म्हणून मी आदल्या दिवसापासून उपाशी होतो. पण भातावर आमटी पडली, दोन घास गेले, आणि कळ आली. थांबता येईना. मी उठलो. भरल्या पंगतीतून मध्येच उठणं म्हणजे शेजारच्याचा अपमान. चुलत्यानं ताट पुढे सरकवलं. "आमच्या मांडीला मांडी लावायला कमीपणा वाटला काय पावन्याला?" वऱ्हाडातल्या चारजणांनी हात आखडले. बुंदीची बादली घेऊन डायवर धावत आला आणि मोठ्यानं म्हणाला, "आरं लेका, पोट सांभाळत न्हाई तर पंगतीत कशापायी बसतोस? शेतातच बस की!"

दोनशे माणसं हसली. चुलताही हसला, ताट पुन्हा ओढून घेतलं.

ज्या माणसानं माझी लाज एकोणीस वर्षं झाकली होती, त्यानंच ती मांडवात उघडी केली. मी तसाच शेतातून रस्त्यावर गेलो आणि मिळेल त्या गाडीनं घरी आलो. त्याचे दोन-तीनदा निरोप आले. मी उत्तर दिलं नाही. पुढं निरोपही बंद झाले.

*

"आबा, मरण पत्करणार पण त्या माणसाच्या दारात जाणार नाही, असंच ना?" उज्ज्वलानं विचारलं.

"त्याचं बी पोटात घेऊन जगू? लोकांना काय सांगू?"

"लोकांना कशाला सांगताय? पोटातलं कुणाला दिसतंय?"

ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची आणि मोबाइल समोर धरायची. शांत दिवस, शून्य. झडपेमुळे आता चार पायऱ्या चढलो तरी दम लागत होता. नवव्या दिवशी मीच म्हणालो, "गाडी बोलव."

गाडी आपली आपण चालत होती, ड्रायव्हर नव्हता. जुन्या रस्त्यावर सहा पदरी काँक्रीट पडलेलं. मी खिडकीतून आम्ही रस्त्याखाली बांधलेल्या मोऱ्या शोधत होतो. एकही सापडली नाही.

सर्जेराव अंगणात खाटेवर बसला होता. वाळला होता. केस सगळे गेलेले, भुवया मात्र तशाच जाड. त्यानं डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"कोण?"

"केरबा."

 तो आत तोंड करून ओरडला, "वनिता! दोन ताटं जादा टाक." वनिता म्हणजे त्याची सून. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "लई लांब गेलतास की रं पाणी आणायला. बावीस वर्सं?"

मला हसायचं नव्हतं. उज्ज्वला हसली.

तिनंच त्याला सगळं सांगितलं. चिंचोका, पट्टा, झडप, चौऱ्याऐंशी टक्के. त्यानं तोंड उघडं टाकून ऐकलं.

"म्हंजे माझा... ते... ह्याला देणार?"

"धुऊन, गाळून, वाढवून, गोळीत भरून, काका."

"मर्दा केरबा, आयुष्यभर तुला शिव्या दिल्या, पर हे खा असं कधी म्हटलं न्हाई बग!"

उज्ज्वलानं पदर तोंडात कोंबला. मी मात्र उठलो. "हेच. हे असंच मांडवात केलंत तुम्ही. येतो मी."

"बस," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला. "बस रं. व्याह्याचा भाऊ उठला असता तर पोरीचं लगीन मोडलं असतं. त्याला कायतरी करून हसवायचं होतं. हसलेला माणूस उठत न्हाई. हाताशी तूच होतास. तुझ्या जिवावर हसवलं. पोरगी नांदली, पर मला त्या दिवसाची बुंदी अजून गोड लागत न्हाई."

 मी पुन्हा खाली बसलो.

वनितानं ताट आणलं. भाकरी, झुणका, वर लसणाची चटणी. उज्ज्वला घाबरली. चिंचोक्याच्या मोजणीवरून डॉक्टरांनी दिलेली यादी तिला पाठ होती. कांदा, लसूण, हरभऱ्याची डाळ, गहू, सगळं बंद. बावीस वर्षांनी दारात येऊन ताट परत करायचं कसं, हे मला सुचेना.

सर्जेरावनंच ताट उचललं. "हे त्याला न्हाई चालत. लसूण खाल्ला की अर्ध्या तासात बादली घेऊन पळतंय ते. हरभरा न्हाई, कच्चा कांदा तर वाससुद्धा नको. तांदळाची पेज टाक, जिरं नि मीठ. मुगाचं नुसतं वरचं पाणी. आन आमसूल घाल वाईच."

उज्ज्वलानं मोबाइलवरची यादी काढून ताडून बघितली. एकही चूक नव्हती. जे चिंचोक्यानं तीन दिवस पोटात हिंडून शोधलं, ते या माणसानं नुसतं रोलरवरून बघून ठेवलं होतं, आणि बावीस वर्षं विसरला नव्हता.

मी पेज प्यायलो. दोन वाट्या.

*

दात्याला तीन आठवड्यांचं पथ्य असतं. वेळेवर साधं जेवण, बाहेरचं काही नाही, कुठलंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. सर्जेरावनं सगळं पाळलं. नमुना मंगळवारी द्यायचा होता. त्या दिवशी तो नवं धोतर, इस्त्रीची टोपी घालून कोल्हापूरला आला, लग्नाला आल्यासारखा.

नमुना घेतला. दुपारी हेरवाडेबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"काका, तुम्ही काही औषध घेतलंत का?"

"न्हाई वो. काय सुदीक न्हाई."

"नीट आठवा. अँटिबायोटिकशिवाय असं होत नाही. जवळपास सगळं साफ झालंय."

"औषध न्हाई घेतलं," तो म्हणाला. "सुई तेवढी घेतली. शनवारी खोकला झाला, म्हटलं दवाखान्यात असा खोकत गेलो तर ह्या म्हाताऱ्याला माझा आजार लागायचा. ऐन मोक्याला खोट नको. म्हणून गावातल्या डाक्टराला म्हटलं, कडक सुई मार. शनवार, ऐतवार, सोमवार, तीन मारल्या."

गाड्या आपोआप चालायला लागल्या, रस्ते यंत्रं बांधायला लागली, पण आमच्याकडे माणसाला अजून सुई टोचल्याशिवाय बरं वाटत नाही. गोळी त्याच्या लेखी औषध. सुई म्हणजे नुसतं अंगात बळ.

बाईंनी त्याला समजावून सांगितलं. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. 

"पुन्यांदा पंगतीतनं उठवलं मी तुला," तो म्हणाला.

बाईंनी मला आत घेतलं. "यांचे जीवाणू परत येतील. आतड्याच्या कोपऱ्यात थोडे जिवंत असतात, तेच वाढतात. पण नऊ-दहा आठवडे लागतील. आता दोन वाटा आहेत, आबा. दहा दिवसांची अट सोडून, बी न घेता लगेच ऑपरेशन केलं, आणि मागच्यासारखं झालं, तर चारांत एकदा तुम्ही घरी जाणार नाही. थांबलात, तर तुमची झडप नऊ आठवडे धीर धरेल का, हे सांगता येत नाही. सहांत एकदा ती दगा देईल."

उज्ज्वला रडायला लागली. तिला लगेच ऑपरेशन हवं होतं. थांबणं तिच्याच्यानं होण्यासारखं नव्हतं. आईच्या वेळी आम्ही थांबलो होतो, आणि आई गेली होती. ती म्हणाली, "आबा, त्या माणसासाठी थांबू नका. त्याला वाईट वाटू नये म्हणून जीव टांगू नका."

तिनं बरोबर ओळखलं होतं. आकडे बाजूला राहिले, मला बाहेर टोपी मांडीवर घेऊन बसलेला म्हातारा दिसत होता. मी आता ऑपरेशन करून मेलो, तर तो उरलेलं आयुष्य त्या तीन सुया मोजत बसला असता. आणि मला स्वतःलाही, खरं सांगायचं तर, मरायच्या आधी नऊ आठवडे हवे होते. कशासाठी ते तेव्हा सांगता आलं नसतं.

"थांबतो," मी म्हणालो. "पण कोल्हापुरात नाही. तळवड्याला."

*

ते नऊ आठवडे मी सर्जेरावकडे राहिलो. उज्ज्वला दर शनिवारी यायची. वनिता दोघांसाठी एकच पातेलं चढवायची, बिनकांद्याचं, आणि कुरकुरायची, "मामंजी, आजारी ते हायत, तुम्ही कशापायी असलं मिळमिळीत खाताय?" तो म्हणायचा, "एका चुलीचं म्हंजे एका चुलीचं."

पहिल्या आठवड्यात पट्ट्यावर दोन शांत दिवस आले. मग कळ आली, आकडा शून्यावर. पुन्हा तीन. आम्ही दोघं अंगणात खाटा टाकून बसायचो आणि गँगमधली माणसं आठवायचो. मुकादम, जो झोपेतही शिव्या द्यायचा. रेठऱ्याची हौसाबाई, जी डांबराच्या पिंपावर अंडी तळायची. मोरीखाली निघालेली घोरपड. गोष्टी आम्हाला दोघांनाही पाठ होत्या, तरी एकानं सांगायची आणि दुसऱ्यानं चूक काढायची. जे आठवायचं ते आठवताना पोट गप्प असायचं. हे पट्ट्यानंही टिपलं. बाई म्हणाल्या, "मेंदू खाली ओरडत नसेल तर आतडंही वर ओरडत नाही. यात जादू काही नाही, आबा, नसाच आहेत."

पाचव्या आठवड्यापर्यंत आकडा आठावर गेला. मला इतकं बरं वाटायला लागलं की मी हट्ट धरला, नवा रस्ता होतोय तो बघायला जाऊ. आंब्याच्या बाजूला डांबर टाकणारं यंत्र आलं होतं. एकही माणूस नाही. यंत्र स्वतःच खडी पसरत होतं, स्वतःच दाबत होतं, मागं काळा पट्टा सोडत सरळ चाललं होतं. ताशी चार किलोमीटर. वेग तेवढाच.

"वास तोच हाय," सर्जेराव म्हणाला.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि रस्ता माझ्याकडे उठून आला. पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा माझं डोकं सर्जेरावच्या मांडीवर होतं. ऐंशी वर्षांचा माणूस भर रस्त्यात बसून माझ्या तोंडावर सावली धरत होता आणि रुग्णवाहिकेला शिव्या घालत होता, ती अजून यायची होती तरी.

"आत्ता मरायचं न्हाई," तो मला म्हणत होता. "ऐकतोस न्हवं? मी अजून तयार झालो न्हाई."

झडपेनं दगा दिला नव्हता, पण इशारा दिला होता. बाईंनी दोन दिवस ठेवून घेतलं. उज्ज्वला म्हणाली, आता पुरे, उद्याच छाती उघडा. बाईंनी सर्जेरावचा नवा नमुना तपासला. अर्धी वाढ झाली होती. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणालो, "अजून चार आठवडे, अंथरुणातून उठणार नाही." आणि उठलो नाही. सर्जेराव माझ्या उशाशी बसून पेज भरवायचा, आणि रोज सकाळी स्वतःची गोष्ट स्वतःच सगळ्या घराला सांगायचा, आज कशी झाली, किती झाली, रंग कसा. वनितानं कान झाकून घेतले की म्हणायचा, "कुणाच्या जिवाचा प्रश्न हाय, लाजतीस काय?"

नवव्या आठवड्याच्या शेवटी त्याचं बी तयार झालं. माझे शांत दिवस बारा होते.

*

ऑपरेशन सहा तास चाललं. त्याबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही, मी तिथे नव्हतो. जागा झालो तेव्हा छातीवर कुणी रोलर उभा केल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मावशींनी पहिली कॅप्सूल दिली. बाहेर काचेच्या पलीकडे सर्जेराव बसलेला दिसत होता. त्यानं हात जोडून कॅप्सूलला नमस्कार केला.

तिसरा दिवस गेला. पोट फुगलेलं, टणक, मुकं. मागच्या वेळी हेच झालं होतं. बाई सकाळ-संध्याकाळ पोटावर नळी ठेवून ऐकायच्या आणि एकच विचारायच्या, "वारा सरला का?" नर्स तेच विचारायची. झाडू मारणाऱ्या मावशी तेच. माझं हृदय नवं झालं होतं, पण त्याची चौकशी कुणी करत नव्हतं. सगळं हॉस्पिटल माझ्या एका पादण्याची वाट बघत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी बाईंनी उज्ज्वलाला बाजूला नेलं. संध्याकाळपर्यंत आतडं जागं झालं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि मग पुढचं अवघड, असं त्या हळू आवाजात सांगत होत्या. मला सगळं ऐकू आलं. मी डोळे मिटून घेतले. भीती वाटली, हे खरं. कळ येईल या भीतीत मी सगळं आयुष्य घालवलं, आणि आता कळ येत नाही म्हणून मरणार होतो.

त्यांनी सर्जेरावला पाच मिनिटं आत सोडलं. त्यानं माझा पाय दाबला. हॉस्पिटलच्या हिरव्या डगल्यात तो हडकुळ्या पोपटासारखा दिसत होता.

"काय म्हनतंय?"

"गप्प आहे."

"माझंबी सकाळी उशिरानंच उठतंय," तो म्हणाला. "सवयच हाय त्याला. वाईच दम धर."

तो पाय दाबत राहिला. मी त्याच्या भुवयांकडे बघत होतो. मग खोल कुठेतरी काहीतरी सरकलं. कळ नव्हती. बंद दाराची कडी कुणी आतून हळूच काढावी तसं. पुन्हा सरकलं. पट्ट्यावरचा हिरवा दिवा थरथरला.

आणि मग आवाज झाला. लांब, भरदार, वॉर्डभर घुमणारा. पलीकडच्या खाटेवरचा माणूस दचकून उठला. बाहेरून उज्ज्वला धावत आली, तिच्यामागे बाई, त्यांच्यामागे मावशी. मावशींनी टाळ्या वाजवल्या. उज्ज्वला हसता हसता रडत होती. बाईंनी नळी पोटावर ठेवली, ऐकलं, आणि साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना हसताना मी बघितलं.

मला हसता येत नव्हतं, छाती दुखत होती. लाज मात्र वाटत नव्हती. एवढी माणसं भोवती उभी, आणि मला लाज वाटत नव्हती, याचंच मला नवल वाटत होतं.

सर्जेरावनं डगल्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि सगळ्यांकडे बघून मान ताठ केली.

"ह्यो माझा," तो म्हणाला. "एकोणीस वर्सं ऐकलंय ह्याचं. ह्याचा येवढा खणखणीत कधी नव्हता."